हाडं आधी हातात घ्या, नावं मागून येतील

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शरीररचनेचं पहिलंच वर्ष, हाडांची आणि त्यांवरच्या खुणांची नावं पाठ होतात पण आठवड्याभरात पुसली जातात, हाड समोर ठेवलं की उजवं का डावं हे सांगताना गोंधळ उडतो, आणि कवटीची तर धास्तीच वाटते. शिकवताना हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक बॅचमधून आला आहे आणि तो विचारणारी मुलं आळशी मुळीच नसतात. त्यांचा क्रम उलटा असतो, एवढंच. आधी पुस्तकातलं चित्र, मग नावांची यादी, आणि प्रत्यक्ष हाड सगळ्यात शेवटी, तेही व्हायव्हा (तोंडी परीक्षा) तोंडावर आली की.

हाडावरची जवळजवळ प्रत्येक खूण शेजारच्या कुणामुळे तरी तिथे असते. स्नायू जिथे ओढतो तिथे उंचवटा किंवा खरखरीत रेघ. नर्व्ह (चेता) किंवा रक्तवाहिनी जिथून जाते तिथे खोबण, खाच किंवा छिद्र. दुसरं हाड जिथे टेकतं तिथे गुळगुळीत पृष्ठभाग. म्हणून कुठल्याही खुणेवर बोट ठेवलं की तीन प्रश्न विचारायचे: इथे कोण ओढतं, इथून कोण जातं, इथे कोण टेकतं? उत्तर माहीत असेल तर नाव धरून ठेवायला काहीतरी मिळतं. नुसतं नाव अधांतरी राहतं आणि गळून पडतं.

याचा एक सुंदर पुरावा कानामागे आहे. तिथे हाताला लागणारा जाड उंचवटा म्हणजे मास्टॉइड प्रोसेस. नवजात बाळाला तो नसतोच. बाळ मान सावरू लागतं, मानेच्या बाजूचा स्टर्नोक्लायडोमास्टॉइड स्नायू ओढू लागतो आणि दुसऱ्या वर्षापासून तो उंचवटा आकाराला येतो. तो नसल्यामुळे चेहऱ्याचे स्नायू चालवणारी फेशियल नर्व्ह कवटीतून जिथे बाहेर पडते ती जागा नवजात बाळात अगदी कातडीलगत, उघडी असते. चिमटा लावून केलेल्या प्रसूतीत त्या नर्व्हला इजा होऊ शकते, त्यामागे हेही एक कारण आहे. एक उंचवटा, एक स्नायू, एक नर्व्ह, एक धोका. असं शिकलेलं सहसा विसरत नाही.

हाड जिवंत असतं आणि त्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे घडत राहतं, हे जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. अंतराळात राहणाऱ्यांच्या कमरेच्या आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्याने घटते, कारण तिथे त्यांच्यावर भारच नसतो. टेबलावरचं कोरडं हाड पाहताना हे सतत मनात असू द्या. ते कुणाच्या तरी चालण्या-उचलण्याने घडलेलं आहे.

आकडे एकदाच समजून घ्या आणि पुढे चला. प्रौढाची हाडं २०६. मधल्या अक्षाची ८०, हातापायांची आणि त्यांना धडाशी जोडणाऱ्या पट्ट्यांची १२६. एका हाताकडे खांद्यापासून मोजली तर ३२, एका पायाकडे कमरेपासून ३१. दोन्ही पंजे आणि दोन्ही पावलं मिळूनच १०६ होतात, म्हणजे निम्म्याहून जास्त. नवजात बाळात स्वतंत्र तुकडे ३०० च्या आसपास असतात आणि पुढे ते जुळत जातात. सुश्रुतांनी ३०० आणि चरकांनी ३६० हाडं सांगितली, हे वाचून अनेकांना ती चूक वाटते. चरकांच्या मोजणीत दात, दातांच्या खोबण्या आणि नखंही येतात. काय मोजायचं यावर आकडा ठरतो. आजही कवटीच्या शिवणींमधली जास्तीची हाडं किंवा स्नायुबंधांमधली बारीक हाडं माणसागणिक कमीजास्त असतात. २०६ वर फार वेळ घालवू नका.

सुरुवात स्वतःच्या अंगापासून करा. हा भाग बहुतेक जण गाळतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण सगळ्यात चांगला सांगाडा आपण चोवीस तास बरोबर बाळगतो. क्लॅव्हिकल (गळ्याखालचं आडवं हाड) या टोकापासून त्या टोकापर्यंत कातडीखाली बोटाने चाचपता येतं. आतला दोन-तृतीयांश भाग पुढे फुगलेला, बाहेरचा एक-तृतीयांश मागे वळलेला. हे दोन बाक जिथे भेटतात त्याच्या आसपास ते बहुधा मोडतं. मग कोपर. ९० अंशांत वाकवा आणि मागचं टोक व दोन्ही बाजूंचे उंचवटे अशी तीन ठिकाणं बोटांनी धरा: त्रिकोण दिसेल. हात सरळ करा: तिन्ही एका रेषेत येतात. लहान मूल पडून कोपराच्या वर ह्यूमरस (दंडाचं हाड) मोडतं तेव्हा हा त्रिकोण शाबूत राहतो, पण कोपराचा सांधा निखळतो तेव्हा बिघडतो. एक्स-रे येण्याआधी बोटांनी एवढं कळतं.

मनगटाच्या दोन्ही बाजूंची टोकं चाचपा. अंगठ्याकडचं, म्हणजे रेडियसचं टोक, करंगळीकडच्या अल्नाच्या टोकापेक्षा सुमारे १ सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. हातावर पडून मनगट मोडलं की ही दोन टोकं पुष्कळदा एका पातळीला येतात. घोट्याशी बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा खाली आणि मागे असतो. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या कडांवर हात ठेवून अंगठे पाठीमागे नेले की ते साधारण चौथ्या लंबर (कमरेच्या) मणक्यापाशी भेटतात. मज्जारज्जू त्याच्या बराच वर, पहिल्या-दुसऱ्या लंबर मणक्याशी संपतो. पाठीतलं पाणी काढताना सुई या रेषेच्या आसपास का घालतात, ते इथे कळतं.

आता उजवं-डावं. गोंधळ होतो कारण मुलं हाडाकडे पाहून अंदाज बांधतात. त्याऐवजी तीन दिशा ठरवा: वर काय, पुढे काय, आत काय. या तिन्ही ठरल्या की बाजू आपोआप ठरते, चौथा पर्यायच उरत नाही. आणि हाड धरायचं ते आपल्याच शरीराच्या त्या बाजूला, शरीरात जसं असतं तसंच. समोर आडवं ठेवून बाजू सांगायची सवय लावू नका. ह्यूमरसचं गोल डोकं वर आणि आत, मागच्या बाजूला खालच्या टोकाशी खोल खळगा: झालं. फीमरचं (मांडीच्या हाडाचं) डोकं वर आणि आत, शाफ्टचा (मधल्या दांड्याचा) बाक पुढे फुगलेला, मागे खरखरीत कंगोरा. टिबियाचा (नडगीच्या हाडाचा) आतला घोटा खाली, गुडघ्याखालचा उंचवटा पुढे. फिब्युला, नडगीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, सगळ्यांना त्रास देतं. त्याचं खालचं टोक पाहा. गुळगुळीत त्रिकोणी पृष्ठभाग आतल्या बाजूला, आणि त्याच्या मागे एक खळगा. तो खळगा मागे आला की बाजू ठरली.

कमरेच्या हाडाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. जवळजवळ प्रत्येक नवशिका पेल्व्हिस (ओटीपोटाचा हाडांचा घेर) परडीसारखा, तोंड आकाशाकडे करून धरतो. शरीरात तो तसा नसतो. उभ्या माणसात इलियमचं (कमरेच्या रुंद हाडाचं) पुढचं टोक आणि प्युबिसचा (समोरच्या, जांघेजवळच्या हाडाचा) वरचा भाग एकाच उभ्या पातळीत येतात, म्हणजे पेल्व्हिसचं तोंड बरंचसं पुढे झुकलेलं असतं, आडव्या पातळीशी सुमारे ५० ते ६० अंश. हाड भिंतीला लावून बघा: ही दोन्ही ठिकाणं एकदम भिंतीला टेकली पाहिजेत. हे जमलं नाही तर पुढे प्रसूतिशास्त्रात बाळाच्या डोक्याची वाट कधीच नीट दिसत नाही.

एका हाडावर सगळी पद्धत वापरून दाखवतो. ह्यूमरस घ्या. डोकं गुळगुळीत, म्हणजे इथे कुणीतरी टेकतं: स्कॅप्युलाची (खांद्याच्या पात्याची) उथळ खोबण. ती उथळ असल्यामुळेच खांदा सगळ्या दिशांनी फिरतो आणि त्यामुळेच तो सगळ्यांत जास्त निखळतोही. डोक्याला लागून बाहेरच्या बाजूला मोठा उंचवटा, पुढे लहान. मोठ्यावर तीन स्नायू ओढतात, वरून खाली सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर. लहानावर एकटा सबस्कॅप्युलॅरिस. हे चार मिळून खांद्याला जागेवर धरून ठेवतात. दोन उंचवट्यांमधल्या खोबणीतून बायसेप्सचा लांब स्नायुबंध जातो. खोबणीच्या बाहेरच्या काठावर पेक्टोरॅलिस मेजर, आतल्या काठावर टेरिस मेजर आणि तळाशी लॅटिसिमस डॉर्साय.

आता बोट खाली सरकवा. डोक्याखालची निमुळती जागा, सर्जिकल नेक. हिला वळसा घालून ॲक्झिलरी नर्व्ह जाते. हाड इथे मोडलं तर डेल्टॉइड (खांद्यावरचा स्नायू) दुबळा पडतो आणि खांद्याच्या बाहेरच्या कातडीचा एक पट्टा बधिर होतो. शाफ्टच्या मध्याशी, मागच्या बाजूला, तिरपी जाणारी उथळ खोबण. ती पटकन दिसत नाही. खिडकीपाशी नेऊन हाड तिरपं धरा, उजेडात ती उमटते. तिच्यातून रेडियल नर्व्ह जाते. इथे मोडलं तर मनगट लुळं पडून खाली लोंबतं. कोपराशी आतल्या उंचवट्यामागे अल्नर नर्व्ह. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात त्या हिच्याच. आणि कोपराच्या जरा वर, पुढच्या बाजूला, ब्रेकियल धमनी आणि मीडियन नर्व्ह, म्हणून मुलांमध्ये तिथलं फ्रॅक्चर घाईने पाहायचं, मनगटाची नाडी आधी तपासायची. डोक्यापासून कोपरापर्यंत एक बोट फिरवलं आणि हातातल्या चार मोठ्या नर्व्ह येऊन गेल्या. एवढं झाल्यावर पुस्तक उघडा. तिथली नावं ओळखीची वाटतील.

मनगटाच्या आठ हाडांचा क्रम घोकायला हरकत नाही, तो घोकावाच लागतो: स्केफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, मग खालची ओळ ट्रॅपिझियम, ट्रॅपिझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. पण वेळ स्केफॉइडला द्या. त्याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळतं आणि तिथून मागे जातं. मधल्या बारीक भागात, त्याच्या ‘कमरेत’, मोडलं की कोपराकडच्या तुकड्याचं रक्त तुटतं आणि तो मरू शकतो. अंगठा ताठ केल्यावर मनगटाशी जो खळगा पडतो तिथे दाबून दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही तरी हात बांधून ठेवतात आणि पुन्हा तपासतात. हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर फीमरच्या मानेत घडते. तिथेही डोक्याला रक्त मानेच्या बाजूने चढून येतं, म्हणून म्हातारपणी मान मोडली की डोकं धोक्यात येतं. पावलात घोट्याच्या टॅलस हाडाकडे पाहा: त्यावर एकही स्नायू चिकटत नाही, सगळीकडे सांधेच सांधे. रक्त आत शिरायला जागाच थोडी. तीन वेगळी हाडं, कारण एकच.

मणके सोपे आहेत, लोक उगाच घाबरतात. आडव्या फांदीत छिद्र दिसलं तर मानेचा, बरगडीचा गुळगुळीत ठसा दिसला तर छातीचा, दोन्ही नाही आणि आकाराने दांडगा तर कमरेचा. ॲटलसला, म्हणजे मानेच्या पहिल्या मणक्याला, मधला गड्डा नसतो, कारण तो ॲक्सिसला, म्हणजे दुसऱ्या मणक्याला, जाऊन चिकटला आणि त्याचा खुंट झाला. ‘नाही’ म्हणताना आपण त्याच खुंटाभोवती डोकं फिरवतो. बरगड्यांमध्ये एवढंच पक्कं करा: खोबण खालच्या काठाशी, तिच्यात शीर, धमनी, नर्व्ह वरून खाली या क्रमाने, म्हणून छातीत सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या काठाला लागून घालायची. आणि मोजणी स्टर्नमवरच्या (छातीच्या मधल्या हाडावरच्या) आडव्या कंगोऱ्यापासून, तिथे दुसरी बरगडी येते.

कवटी.

तिची भीती वाटते कारण मुलं ती बाहेरून, बावीस हाडांची यादी करत सुरू करतात. मी उलट सुचवतो. वरची टोपी काढलेली कवटी घ्या आणि आतल्या तळापासून सुरुवात करा. तळ तीन टप्प्यांत उतरतो, पुढचा सगळ्यात वर, मागचा सगळ्यात खाली. पुढच्यावर मेंदूचा पुढचा भाग टेकतो, मधल्यावर मेंदूचा कानशिलाकडचा भाग (टेम्पोरल लोब), मागच्यात लहान मेंदू आणि ब्रेनस्टेम. मग खोली अंधारी करा आणि एक छोटा टॉर्च घ्या. आतून एकेका छिद्रात उजेड टाका आणि तो बाहेर कुठे निघतो ते पाहा. ऑप्टिक कॅनालचा उजेड डोळ्याच्या खोबणीत. फोरामेन ओव्हेलचा थेट कवटीच्या खाली, जबड्याच्या स्नायूंच्या जागेत, कारण तिथून जाणारी मँडिब्युलर नर्व्ह त्याच स्नायूंना चालवते. इंटर्नल अकूस्टिक मीटसमध्ये (आतल्या कानाकडे जाणाऱ्या मार्गात) टाकलेला उजेड मात्र बाहेर दिसत नाही. फेशियल नर्व्ह तिथून शिरते, हाडाच्या आत वळणं घेते आणि मास्टॉइडच्या पुढच्या अंगाला खाली निघते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की कुठून काय जातं याचा तक्ता निम्मा तरी अनावश्यक होतो.

मधल्या टप्प्यात रोटंडम, ओव्हेल, स्पायनोसम ही तीन छिद्रं पुढून मागे, आतून बाहेर अशा वक्र ओळीत आहेत. स्पायनोसमपासून निघणारी बारीक खोबण बोटाने धरा आणि तिच्याबरोबर कवटीच्या बाजूच्या भिंतीवर चढा. तिच्यातून मिडल मेनिंजियल धमनी जाते. वाटेत ती दुभंगते. पुढची फांदी जिथे नेते ती जागा आतून एका बोटाने दाबून धरा आणि दुसरं बोट बाहेरून त्याच ठिकाणी ठेवा. तुम्ही टेरियॉनवर आहात. फ्रॉन्टल, परायटल, टेम्पोरल आणि स्फेनॉइड ही चार हाडं तिथे भेटतात आणि भिंत पातळ असते. कानशिलावर मार बसून इथलं हाड तडकलं तर ती धमनी फाटते. माणूस काही काळ शुद्धीवर, बोलता-चालता असतो आणि मग झपाट्याने बेशुद्ध होत जातो. चार हाडांच्या नावांचा प्रश्न व्हायव्हात हमखास येतो. बोट त्या खोबणीतून फिरलेलं असेल तर उत्तर देताना विचार करावा लागत नाही.

स्फेनॉइड शेवटी घ्या, पण सुटं हाड मिळत असेल तर जरूर हातात घ्या. मेंदूच्या पेटीतल्या बाकी सातही हाडांना ते भिडतं, त्यामुळे अखंड कवटीत ते कधीच पूर्ण दिसत नाही.

चित्र काढा. सुंदर काढण्याची गरज नाही. पुस्तक बंद करून, समोर हाड ठेवून, पेन्सिलने बाह्यरेषा, मग स्नायू चिकटतात त्या जागा एका रंगाने, नर्व्ह-धमन्या दुसऱ्याने. दोन-तीन दिवसांनी हाड नसताना तेच पुन्हा काढा. जिथे हात अडखळेल तेवढंच परत वाचायचं. संपूर्ण प्रकरण पहिल्यापासून परत वाचण्यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो.

एक्स-रे पहिल्या महिन्यापासून पाहा, कारण पुढे आयुष्यभर हाडं बहुतेक वेळा तशीच दिसणार आहेत. मुलांच्या एक्स-रेत वाढीच्या पट्ट्या काळ्या रेघेसारख्या दिसतात आणि नवख्याला तिथे फ्रॅक्चर वाटतं. कोपराशी हाड तयार होण्याची केंद्रं साधारण १, ३, ५, ७, ९, ११ या वर्षांच्या सुमारास एकामागून एक उमटतात: कॅपिट्युलम (ह्यूमरसच्या खालच्या टोकाचा बाहेरचा गोळा), रेडियसचं डोकं, आतला उंचवटा, ट्रॉक्लिया (त्याच टोकाचा आतला, चाकासारखा भाग), कोपराचं टोक, बाहेरचा उंचवटा. वय वर्षं सहाच्या मुलात ट्रॉक्लियाच्या जागी तुकडा दिसला आणि आतल्या उंचवट्याचा पत्ता नसेल, तर तो उंचवटाच निखळून तिथे सरकला असण्याची शंका घ्यायची. क्लॅव्हिकल या बाबतीत अनोखं आहे. गर्भात हाड होण्याची सुरुवात सगळ्यात आधी त्याचीच, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. आणि त्याचं आतलं टोक जुळतं सगळ्यात शेवटी, पंचविशीच्या आसपास. वय ठरवताना न्यायवैद्यकात ते म्हणूनच पाहतात.

प्लास्टिकचे नमुने चालतात का, हेही तुम्ही विचारलं आहे. आकार आणि उजवं-डावं शिकायला चालतात. पण स्वस्त नमुन्यांत बारीक छिद्रं आणि खरखरीत रेघा बुजलेल्या असतात, आणि शिकायच्या गोष्टी नेमक्या त्याच आहेत. लांब हाडाच्या शाफ्टवरचं पोषक धमनीचं छिद्र शोधा: हातात त्याची दिशा कोपराकडे, पायात गुडघ्यापासून दूर, म्हणजे जास्त वाढणाऱ्या टोकाच्या उलट. हे खऱ्या हाडावरच नीट दिसतं. तेव्हा घरी प्लास्टिक आणि विभागात खरं हाड, अशी जोडी ठेवा.

खरं हाड हाताळताना ते एका माणसाचं आहे हे विसरू नका. त्याच्यावर पेनने खुणा करायच्या नाहीत, त्याच्याबरोबर फोटो काढायचे नाहीत. कवटी डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून कधीच उचलू नका, त्या खोबणीची आतली भिंत कागदासारखी पातळ असते. दोन्ही हातांनी खालून धरा, कापडाच्या चुंबळीवर ठेवा, आणि खुणा दाखवायला पेनाऐवजी मऊ टोकाची काडी वापरा. टेम्पोरलची सुईसारखी स्टायलॉइड प्रोसेस आणि स्फेनॉइडचे खाली उतरणारे पातळ पडदे सगळ्यात आधी मोडतात. तुमच्या विभागातल्या कवटीवर ते शाबूत असतील, तर आधीच्या बॅचेसनी ती फार जपून हाताळली आहे. पुढच्यांना ती तशीच मिळू द्या.